मार्शल म्हणजे नेमकं कोण?

तळ्यातमळ्यात
परवा रात्री बातम्या लावल्या होत्या, सभागृहात नेहमीचा गोंधळ, आणि अध्यक्षांनी मार्शल बोलावून दोघातिघांना उचलून बाहेर नेलं. आमची सातवीतली लेक जेवता जेवता म्हणाली, बाबा हे लोक मार्शल आर्ट शिकलेले असतात का, म्हणून त्यांना मार्शल म्हणतात? मी घास तोंडात असल्यामुळे मान हलवून हो म्हणून मोकळा झालो. आणि मग रात्री झोपच येईना, आपण पोरीला थाप मारली की काय म्हणून. उठलो, मोबाईल घेतला आणि दीड वाजेपर्यंत शब्दकोश चाळत बसलो.

तर थापच होती. मार्शल आर्टमधला मार्शल वेगळा आणि सभागृहातला मार्शल वेगळा. पहिला रोमन लोकांचा युद्धदेव मार्स, म्हणजे आपला मंगळ, त्याच्यावरून आलेला. दुसऱ्याचा देवाशी काही संबंध नाही, तो तबेल्यातून आला. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये मार्ह म्हणजे घोडा (इंग्रजीत घोडीला मेअर म्हणतात ते त्याच मुळातलं) आणि स्काल्क म्हणजे नोकर. मार्हस्काल्क म्हणजे घोड्यांचा नोकर. आपल्या भाषेत मोतद्दार! लॅटिनमध्ये जाऊन तो मारिस्काल्कुस झाला, फ्रेंचांनी त्याला मारेशाल केलं आणि इंग्रजीत येईपर्यंत मार्शल. इंग्रजीत दोन्हींचा उच्चार एक पण स्पेलिंग वेगळं त्यामुळे निदान कागदावर तरी कळतं कोण कोण आहे ते. आपण देवनागरीत कानाला ऐकू येईल तसं लिहितो त्यामुळे मंगळ आणि मोतद्दार एकाच खुर्चीत बसले.

वर हे आडनाव पण आहे. तर तुम्हाला माहीत असलेले सगळे मार्शल इथे टाका, लेकीला दाखवायचेत.

फोडणीचा_भात
सगळ्यात पहिला मार्शल महिंद्राचा, त्याच्या आधी कोणी नाही. दादांची (वडील) होती, वाई पाचगणी वडाप (शेअर जीप). पुढे ड्रायव्हरसकट तीन, मधे चार, मागे समोरासमोर बसून सहा, आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारे मोजत नाही आम्ही. कमांडर पण होत्या लायनीत पण मार्शलचा रुबाब वेगळा.

सदू_सांगलीकर
फोडणी, पसरणीच्या घाटात तुमच्या दादांच्या गाडीत मागे बसलो असणार मी, गुडघे अजून दुखतात 😀

करकरे_मास्तर
धागाकर्ते, चांगला विषय काढलात. मी कॉमर्सला पस्तीस वर्षं शिकवलं त्यामुळे माझा मार्शल म्हणजे आल्फ्रेड मार्शल. १८९० सालचं त्याचं अर्थशास्त्राच्या तत्त्वांवरचं पुस्तक. मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात ती आकृती बारावीला सगळ्यांनी काढलीय. किंमत मागणीने ठरते का पुरवठ्याने, या भांडणावर त्याने सांगितलं की कात्रीचं वरचं पातं कागद कापतं का खालचं, हे विचारण्यासारखंच आहे ते. पोरांना हे सांगितलं की लगेच समजायचं, पाठ्यपुस्तकातली दोन पानं वाचायची गरज नाही. आणि गणितवाले नेहमी ओरडतात ना की अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर का घेता, ती सवयसुद्धा याच मार्शलसाहेबांमुळे पडलेली.

एक_टप्पा_आऊट
मार्शल एकच. माल्कम. बार्बाडोसचा. ८१ कसोटी, ३७६ बळी, सरासरी २०.९४. उंची बेताची, धावत यायचा ते तिरका घरंगळत आल्यासारखा, आणि बॉल सुटला की कळायचं काय ते.

१९८३ चा वर्ल्डकप आपण जिंकलो त्याचा राग घेऊन ते लोक त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतात आले आणि कानपूरला पहिल्याच कसोटीत मार्शलच्या बॉलने गावस्करच्या हातातून बॅट उडाली. गावस्करच्या हातातून! माझे वडील रेडिओ ऐकत होते, ते म्हणायचे की कॉमेंटरी करणारा पण क्षणभर गप्प झाला. पुढच्या कसोटीत दिल्लीला गावस्करने त्याच मार्शलला हुक मारत १२१ काढले, ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी. मग डिसेंबरात मद्रासला आपला सुनील म्हणाला मी ओपनिंगला जात नाही, चौथ्या नंबरवर जातो. मार्शलने शून्यावरच दोन काढले, गायकवाड आणि वेंगसरकर, म्हणजे चौथा नंबर पण ओपनिंगच झाला 😂 मग काय, नाबाद २३६.

आणि १९८४ ला हेडिंग्लेला डाव्या अंगठ्याचं हाड मोडलेलं, प्लॅस्टर, तरी एका हाताने बॅट धरून आला म्हणून गोम्सचं शतक झालं, आणि त्याच प्लॅस्टरवाल्या हाताने (म्हणजे दुसऱ्या हाताने, तुम्हाला कळलं) बॉलिंग करून ५३ धावांत ७. १९९९ ला गेला, फक्त ४१ वर्षांचा होता. मोतद्दार वगैरे नका म्हणू राव त्याला.

खवचट_खान्देशी
गूगलवर एका मिनिटात मिळतं हे सगळं. धागा कशाला?

तळ्यातमळ्यात
खवचटभाऊ, पसरणीच्या घाटातले गुडघे गूगलवर मिळत नाहीत.

चार_पुतळे
सोलापूरवरून नमस्कार. तुम्ही म्हणता दोन मार्शल वेगळे, बरोबरच असेल, पण आमच्या गावात मार्शल म्हटलं की एकच गोष्ट, मार्शल लॉ. मे १९३०. गांधीजींना अटक झाल्यावर गाव पेटलं, गोळीबार झाला, आणि इंग्रजांनी सोलापुरात लष्करी कायदा लावला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. आमच्या आजीला इंग्रजीचा गंध नव्हता पण ती 'मार्शलच्या टायमाला' असं म्हणायची, म्हणजे कोणाचा जन्म कोणाचं लग्न सगळं मार्शलच्या आधी का नंतर असं मोजायची. मी लहानपणी समजत होतो की मार्शल नावाचा कोणी गोरा साहेब होता आणि त्याने हे सगळं केलं.

तळ्यातमळ्यात
हे वाचून काटा आला. तुमचा मार्शल तो मंगळवाला, मार्सवाला. पण साहेब समजलात त्यात चूक काही नाही, लिहिल्यावर कळायला मार्गच नाही.

निळी_शाई
मंगळवाल्या मार्शलचं अजून एक. मार्शल रेस. १८५७ नंतर इंग्रजांनी ठरवलं की काही जातीजमाती जन्मानेच लढाऊ, बाकीच्या नाहीत. एक शब्द चिकटवला आणि त्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली, ज्यांची नावं कोरेगावच्या स्तंभावर आहेत त्याच समाजाची. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्याच फौजेतले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. इतरांना जनरल नॉलेज असेल, आमच्या घरात या शब्दामुळे दोन पिढ्यांचा पगार गेला.

करकरे_मास्तर
निळी शाई, हे लिहिलंत ते बरं केलंत.

ज्ञानकोश_वाडीकर
माझ्या मते दोन्ही शब्द मुळात एकच असावेत. मार्स युद्धाचा देव, युद्धात घोडा, म्हणून मार्ह. संस्कृतमध्ये पण मृ धातू आहे, मरणे. सगळं एका ठिकाणी जातं.

तळ्यातमळ्यात
वाडीकर काका, माफ करा पण नाही जात. मार्स लॅटिन, मार्ह जर्मानिक, ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही. नाहीतर मराठीतला 'मार' आणि 'मारुती' पण एकाच घरातले म्हणावे लागतील.

ज्ञानकोश_वाडीकर
मारुतीने रावणाच्या सैन्याला मारलंच की.

एक_टप्पा_आऊट
😂😂 काकांना दंडवत

पुणेरी_पॅरिस
मी फ्रेंच शिकवते. फ्रेंचमध्ये ही गंमत अजून जिवंत आहे. मारेशाल म्हणजे सेनेतला सर्वोच्च मान. आणि मारेशाल-फेराँ म्हणजे घोड्याला नाल ठोकणारा. दोघं आजही त्याच नावाने ओळखले जातात. वर्गात मी सांगते की चुकून शेपूट विसरलात तर नालबंदाला सलाम ठोकावा लागेल. आणि जर्मन शिकणाऱ्यांसाठी, तो जो नोकर होता ना स्काल्क, त्याचा आजच्या जर्मनमध्ये शाल्क झाला आणि अर्थ आहे खोडकर, टवाळ माणूस. एकाच शब्दातला घोड्याबरोबर गेलेला नोकर सेनापती झाला आणि घरी राहिलेला नोकर टवाळ ठरला.

बाय द वे कॉन्स्टेबल पण तबेल्यातलाच. लॅटिनमध्ये कोमेस स्ताबुली, तबेल्याचा सरदार. म्हणजे आधी कॉन्स्टेबल वरचा आणि मार्शल त्याच्या हाताखालचा होता. आता बघा कोण कुठे आहे.

बीट_नंबर_चार
म्हणजे मी दोन्हीकडून तबेल्यात 😅 पुण्यात बीट मार्शल म्हणून बाईकवर फिरलोय तीन वर्षं, हुद्दा कॉन्स्टेबल. साहेबांना सांगायला पाहिजे की मुळात मी सरदार आहे.

सदू_सांगलीकर
मुंबईतले क्लीन अप मार्शल विसरू नका. कोरोनात मास्क नाकाखाली गेला म्हणून २०० ची पावती फाडली होती माझी, वडापाव खात होतो! आता मास्क लावून वडापाव कसा खायचा ते त्या माणसाने सांगितलं नाही.

जुना_बाड
लोक फील्ड मार्शल म्हणून थांबतात पण मूळ मार्शलची गोष्ट कोणी सांगितली नाही, मी सांगतो, जरा लांब आहे.

इंग्लंडात बाराव्या शतकात जॉन मार्शल नावाचा सरदार होता. मार्शल हे तेव्हा त्याचं आडनाव नव्हे, दरबारातलं काम होतं, राजाचे घोडे आणि बंदोबस्त बघायचा, पण ते काम बापाकडून पोराकडे जायला लागल्यावर आपोआप आडनाव झालं, आपल्याकडे फडणीस चिटणीस झाले तसंच. तर या जॉनने राजा स्टीफनविरुद्ध बंड केलं. राजाने त्याच्या गढीला वेढा घातला, १५२ म्हणजे सॉरी ११५२ साली, न्यूबरीला. तहासाठी जॉनने आपला धाकटा पोरगा विल्यम ओलीस दिला, पाच सहा वर्षांचा. आणि शब्द मोडला. राजा म्हणाला पोराला फासावर देतो. बाप काय म्हणाला असेल? माझ्याकडे ऐरण आणि हातोडा शाबूत आहे, याच्यापेक्षा चांगली पोरं घडवीन.

नालबंदाच्या कुळीला शोभणारं उत्तर म्हणायचं का काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मला तर तो बाप सहनच होत नाही. राजाला मात्र त्या पोराची दया आली आणि त्याने त्याला सोडलं. हाच विल्यम मार्शल पुढे पेम्ब्रोकचा अर्ल झाला, एकामागून एक राजांची चाकरी केली, १२१६ मध्ये राजा जॉन मेला तेव्हा गादीवर नऊ वर्षांचा मुलगा आणि अर्धा देश फ्रेंचांच्या हातात, तर या सत्तरीच्या म्हाताऱ्याला कारभारी नेमलं. मॅग्ना कार्टा जी जॉनने दिली आणि मोडली ती यानेच पुन्हा जारी केली, आणि १२१७ ला लिंकनच्या लढाईत स्वतः घोड्यावर बसून उतरला. १२१९ ला वारला, लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याची दगडी मूर्ती आडवी आहे.

आता ऐरण हातोड्याचं पुढे ऐका. विल्यमला पाच मुलगे. पाचही एकामागोमाग अर्ल झाले आणि पाचही वंशाला दिवा न ठेवता गेले, १२४५ ला घराणंच संपलं. मार्शलपद मुलीकडून दुसऱ्या घरात गेलं आणि फिरत फिरत नॉरफोकच्या ड्यूककडे आलं, अर्ल मार्शल म्हणतात त्याला, २०२२ ची राणीची अंत्ययात्रा आणि २०२३ चा राज्याभिषेक त्यानेच मांडला. म्हणजे आज जगात जे हजारो मार्शल आडनावाचे आहेत ते बहुतेक या सरदाराचे वंशज नसावेत, गावोगावच्या साध्या नाल ठोकणाऱ्यांचे असावेत.

एक_टप्पा_आऊट
बाड काका एक नंबर. ते १५२ वाचून मी क्षणभर रोमन काळात गेलो.

माजुरो_मामा
मी मर्चंट नेव्हीत आहे, सध्या घरी, रत्नागिरी. माझा मार्शल म्हणजे देश. पॅसिफिकमधली मार्शल बेटं. १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाला कैदी सोडून चीनकडे निघालेली दोन जहाजं तिथून गेली, कप्तान गिल्बर्ट आणि कप्तान मार्शल, एकाच्या नावाने गिल्बर्ट बेटं, दुसऱ्याच्या नावाने मार्शल बेटं. तिथल्या लोकांना कोणी विचारलं नाही अर्थात. मग अमेरिकेने १९४६ ते १९५८ मध्ये तिथे ६७ अणुचाचण्या केल्या, बिकिनी तिथलंच, १ मार्च १९५४ चा ब्राव्हो बॉम्ब १५ मेगाटनचा.

मी जाऊन आलोय का? नाही! पण माझ्या पाचपैकी तीन जहाजांच्या मागच्या बाजूला माजुरो लिहिलेलं, ती त्यांची राजधानी. मालक ग्रीक, माल ब्राझीलचा, खलाशी कोकणातले, झेंडा मार्शल बेटांचा, आणि ती नोंदणी चालते अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ऑफिसातून. आई शेजारणींना सांगते माझा मुलगा मार्शलला आहे. शेजारणींना वाटतं मिलिटरीत आहे.

पुणेरी_पॅरिस
आई चुकीचं काही सांगत नाहीयेत 😊

निवृत्त_नभ
हवाई दलात होतो म्हणून माझे दोन पैसे. हवाई दलात तर हा शब्द पोत्याने आहे, एअर व्हाईस मार्शल, एअर मार्शल, एअर चीफ मार्शल. आपले मुळगावकर साहेब १९७६ ला प्रमुख होते, नंतर प्रदीप नाईक, आणि २०२१ ते २०२४ नांदेडकडचे चौधरी साहेब. ही नावं इंग्रजांच्या हवाई दलाने १९१९ मध्ये ठरवली. घोडा कुठेच नाही पण मोतद्दार आकाशात!

त्याच्याही वरचे, पाच ताऱ्यांचे, भारतात तिघंच. माणेकशॉ १९७३, करिअप्पा १९८६, दोघं फील्ड मार्शल, आणि अर्जनसिंग २००२ मध्ये मार्शल ऑफ द एअर फोर्स. हे पद रिटायर होत नाही, मरेपर्यंत वर्दी.

आणि सभागृहातले मार्शल, त्यांच्यावरून आमच्या लोकांचा जीव वरखाली झाला होता. २०१९ च्या नोव्हेंबरात राज्यसभेच्या २५० व्या अधिवेशनात मार्शलना फेटा काढून एकदम लष्करी थाटाची वर्दी आणि टोपी दिली. माजी अधिकाऱ्यांनी ओरडा केला की सैन्यात नसलेल्यांनी ही वर्दी घालू नये, आणि थोड्या दिवसांत ती मागे घ्यावी लागली. तेव्हा मी पण तावातावाने फॉरवर्ड केले होते मेसेज. आज हा धागा वाचून वाटतंय, नावावर आधी दरबारातल्या नोकराचाच हक्क होता, आम्हीच नंतर घेतलं.

डब्बा_नंबर_एस_सात
रेल्वेवाला. आमच्याकडे मार्शल हे क्रियापद आहे. गाडीला कुठला डबा कुठे लावायचा, इंजिनामागे जनरल का एसएलआर (गार्ड आणि सामानाचा डबा), मधे पॅन्ट्री, त्याला मार्शलिंग म्हणतात, आणि मालगाड्या फोडून जोडायच्या त्या जागेला मार्शलिंग यार्ड. प्लॅटफॉर्मवर तुमचा डबा उलट्या टोकाला आला आणि तुम्ही पोरंबाळं बॅगा घेऊन पळालात की समजायचं आज मार्शलिंग बदललंय.

खवचट_खान्देशी
बरं मी पण एक टाकतो. बॅरी मार्शल, ऑस्ट्रेलियाचा डॉक्टर. सगळे म्हणायचे पोटातला अल्सर टेन्शन आणि तिखटाने होतो, हा म्हणाला जिवाणूने. कोणी ऐकेना म्हणून १९८४ ला त्याने त्या जिवाणूचं पाणी स्वतः पिऊन टाकलं आणि आजारी पडून दाखवलं. २००५ ला नोबेल, जोडीदार वॉरनबरोबर. खान्देशात शेवभाजी खाणाऱ्यांनी याचा फोटो घरात लावला पाहिजे, तिखटावरचा आळ यानेच उतरवला.

तळ्यातमळ्यात
खवचटभाऊ, म्हणजे धाग्याचा उपयोग झाला तर.

ज्ञानकोश_वाडीकर
जॉन मार्शल राहिले. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख १९०२ ला, पंचविशीत! सप्टेंबर १९२४ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात त्यांनी जाहीर केलं की सिंधू संस्कृती सापडली. पण हडप्पा खणलं दयाराम साहनींनी आणि मोहेंजोदडो राखालदास बॅनर्जींनी, हे पण लेकीला सांगा. साहेबांचं नाव छापून येतं, कुदळ दुसऱ्याची असते.

आणि अमेरिकेचे जनरल जॉर्ज मार्शल, मार्शल प्लॅनवाले, युरोपला १३ अब्ज डॉलर, १९५३ चं शांततेचं नोबेल. अमेरिकेने फील्ड मार्शल हे पद काढलंच नाही, जनरल ऑफ द आर्मी म्हटलं. काढलं असतं तर मार्शल मार्शल असं म्हणावं लागलं असतं, म्हणून टाळलं असं गमतीने सांगतात.

जुना_बाड
वाडीकर, हे मस्त. आपल्याकडे पण तबेल्यातून गादीवर गेलेला आहेच की. कुतुबुद्दीन ऐबक घोरीचा अमीर-ए-आखूर होता, आखूर म्हणजे तबेला. म्हणजे दिल्लीचा पहिला सुलतान हा शब्दशः मार्शल.

सदू_सांगलीकर
आणि आपल्या विधान परिषदेचे जुने सभापती वि. स. पागे, रोजगार हमीवाले. मार्शलला हुकूम देणाऱ्याच्या नावातच पागा 😀

तळ्यातमळ्यात
अपडेट. लेकीला सगळा धागा वाचून दाखवला, क्रिकेटचा भाग सोडून, तो तिने सोडायला लावला (टप्पा, सॉरी). तिला सोलापूरच्या आजी आणि तो ऐरणवाला बाप, या दोनच गोष्टींवर प्रश्न पडले. बापाबद्दल विचारते, की त्याला खरंच वाटत होतं का राजा नाही मारणार, का त्याला खरंच फरक पडत नव्हता. मी या वेळी मान हलवली नाही, जुना बाड काकांना विचारतो म्हटलं.

जुना_बाड
सांग तिला, आठशे वर्षं लोक हेच विचारतायत.

फोडणीचा_भात
मी पण दादांना वाचून दाखवलं. गाडी विकून बारा वर्षं झाली, किल्लीचा छल्ला अजून देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला आहे. म्हटलं दादा, मार्शल म्हणजे घोड्याचा मोतद्दार. ते म्हणाले नाव उलटं ठेवलंय मग. रोज पहाटे चारला उठून तिला धुवायचो, पाणी ऑइल बघायचो, थंडीत चालू होईना तर ढकलायचो. मार्शल मी होतो, ती घोडी.